बोकडाला सांगितलेलं

आमची टांटी, म्हणजे गावाची मावशी, इस्मे लेंडोर सकाळच्या वेळी कुणाच्या पायरीवर बसून पाणी मागू लागली, की त्या घरातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची.

तिच्या स्वतःच्या घरी पाणी नव्हतं असं नाही. आमच्या कॅरियाकू बेटावर नदी नाही, झरा नाही. छपरावरून टाकीत पडेल तेच पाणी, आणि लेस्तेर गावात इस्मेच्या टाकीएवढी मोठी टाकी दुसरी नव्हती. तरी ती दुसऱ्याकडे मागायची. दोन घोट घ्यायची, उरलेलं पायरीखालच्या मातीत ओतायची आणि हवेबद्दल बोलायची. वारा फिरलाय. मक्याला अजून कणीस नाही. मग पेला खाली ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं, "तुमच्याकडे ती शिंगाच्या मुठीची छत्री होती ना? आहे का अजून?"

छत्री मेलेल्या आजोबांची असायची. घरची बाई आत जाऊन मक्याचं पीठ किती उरलंय ते बघायची.

'तुमचा म्हातारा माझ्या स्वप्नात आला, त्याला भूक लागलीय,' असं इस्मे उभ्या आयुष्यात कुणाला म्हणाली नाही. तसं म्हणणारं माणूस कॅरियाकूवर सापडायचं नाही. मेलेली माणसंही तसं म्हणत नाहीत. त्यांना काही हवं असलं तर ती आपल्या घरी येत नाहीत, शेजाऱ्याच्या झोपेत जातात. आपल्या माणसाला सरळ समोरून बघितलं तर दोघांनाही ओढ लागते, आणि त्या ओढीत जिवंत माणूसच हलका पडतो, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून निरोप आडवाटेनं. गावातल्या बहुतेक आडवाटा इस्मेच्या उशीवरून जायच्या.

माझ्याकडे ती एका सोमवारी आली होती. शाळेची घंटा व्हायची होती. पाणी झालं, वारा झाला, मका झाला. मग म्हणाली, "मास्तर, डावा बूट कुठं ठेवलात?"

माझ्या वडिलांचा डावा पाय साखरेच्या आजारात कापला होता. पुरताना आम्ही एकच बूट चढवला. दुसरा मी पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, आणि ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. त्या शनिवारी आम्ही त्यांचं ताट मांडलं. आतल्या खोलीत मेजावर पांढरी चादर, त्यावर कोंबडी, मक्याच्या पिठाचे वळलेले गोळे, भात, तूर, एक पेला पाणी, एक पेला रम. सगळं अळणी. मीठ लागलं की मेलेली माणसं ताटावरून उठतात. शेजारी तो बूट ठेवला आणि दार लावून घेतलं. सूर्य कलल्यावर दार उघडलं तेव्हा बूट पालथा होता. उंदरानं पाडला असेल. आमच्या घरात उंदीर होते.

इस्मेकडे सगळ्या गावाचे निरोप यायचे. तिच्या नावाचा एकच येत नव्हता.

तिचा मुलगा ऑल्ड्रिक चोवीस वर्षांचा असताना 'सिल्व्हर ड्यू' नावाच्या शिडाच्या जहाजावर चढला. जहाजात शेळ्या आणि लिंबांची पोती होती. जायचं होतं त्रिनिदादला. तिघं होते: कप्तान कॉम्प्टन, बेथेल नावाचा खलाशी आणि ऑल्ड्रिक. शुक्रवारी दुपारी निघाले. त्रिनिदादला जहाज पोचलं नाही. कुठल्या किनाऱ्याला फळी लागली नाही, पोतं लागलं नाही.

तीन आठवड्यांनी कॉम्प्टन इस्मेच्या स्वप्नात आला. दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्टनच्या बायकोच्या पायरीवर जाऊन बसली, पाणी प्याली आणि विचारलं, "लिंबं आहेत का गं घरात?" त्या बाईनं हातातली केरसुणी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि मगच रडली. चार महिन्यांनी बेथेल आला. त्याचाही निरोप इस्मेनं पोचवला. दोघांचे दगड बसले, मेजवान्या झाल्या, थडग्यांच्या कडेनं शंख मांडले गेले. थडग्यांत कुणी नव्हतं, पण नाव होतं.

ऑल्ड्रिकचं काय, हे तिला कळत नव्हतं. एकदाच, तिच्या पद्धतीनं, तिनं मला विचारलं.

"मास्तर, समजा तिघं दारात उभे आहेत. दोघांची तोंडं दिसतायत, तिसऱ्याची नुसती पाठ. तर तो तिसरा तिथं आहे म्हणायचं, की नाही?"

"पाठ ओळखीची आहे का, टांटी?"

"ओल्या शर्टात सगळ्या पाठी सारख्याच दिसतात."

पेच साधा होता. तो मेला असेल तर जहाज गेल्यापासून अकरा वर्षं उपाशी होता. पण जिवंत असेल, कुठं व्हेनेझुएलाच्या तुरुंगात, कुठं तेलाच्या विहिरीवर, दुसऱ्या बाईच्या घरात, आणि इकडे आईनं त्याचं ताट मांडलं, तर तो असेल तिथं आडवा पडेल. जिवंत माणसाचं ताट मांडणं म्हणजे त्याला हातानं ढकलणं. मागितल्याशिवाय वाढायचं नाही, आणि आईकडे येऊन तो मागू शकत नव्हता. दुसऱ्या कुणाकडे यायला हवा होता. त्या दुसऱ्या कुणी तिच्या पायरीवर येऊन पाणी मागायला हवं होतं.

म्हणून ती रोज सकाळी पायरीवर बशीत एक स्वच्छ पेला पालथा घालून ठेवायची आणि शेजारी बसायची.

माणसं रस्त्याच्या पलीकडून जायची. खरोखर घसा कोरडा पडलेला माणूसही तिच्या दारात पाणी मागत नसे. उगाच तिची आशा जागी व्हायला नको. अकराव्या वर्षी तिचे पाय सुजले. हिल्सबरोच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला की चढ चढू नका. त्यानंतर ती पेला आणखी लवकर मांडू लागली.

शेजारच्या अंगणात व्हर्लीना राहायची. इस्मेच्या मेलेल्या नवऱ्याची बहीण, म्हणजे ऑल्ड्रिकची आत्या. दोन घरांमध्ये काटक्यांचं कुंपण आणि चौदा वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण मीठ. व्हर्लीनानं आपल्या आईचा दगड बसवला तेव्हा मोठी मेजवानी केली होती. आठ दिवसांनी इस्मेनं, सगळ्यांच्या देखत, पाणी मागितलं आणि विचारलं, "ताट कुणी रांधलं होतं?" म्हातारी तिच्या स्वप्नात येऊन तोंड वाकडं करून थुंकली होती म्हणे. गावानं अर्थ लावला: व्हर्लीनानं आईच्या ताटात मीठ टाकलं. यापेक्षा मोठी लाज आमच्याकडे नाही. व्हर्लीना आईच्या नव्या दगडापाशी गेली, त्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "मी पुन्हा इस्मेशी बोलले, तर आई, तूच माझं तोंड बंद कर."

त्यानंतर ती इस्मेशी बोलली नाही. बोकडाशी बोलली.

बोकडाचं नाव गव्हर्नर. तो कुंपणाजवळच्या खुंटाला बांधलेला असायचा. इस्मेकडे एक पांढरी कोंबडी होती, मादाम. लेकी बोले सुने लागे, तसं हे बोकडा बोले वहिनीला लागे. शाळेची मागची खिडकी या दोन अंगणांवर उघडते, त्यामुळे त्या चौदा वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांचं अर्धं शिक्षण त्या खिडकीतून झालं.

एका दुपारी मी सातवीला इंग्रजी शब्द शिकवत होतो. परीक्षेसाठी नेमलेल्या यादीत 'ऑब्लिक' असा शब्द होता. मी फळ्यावर एक उभी रेघ काढली, एक तिरकी. सांगितलं, ही दुसरी ऑब्लिक. रेघेला म्हणतात, नजरेला म्हणतात, बोलण्यालाही म्हणतात. मनातलं थेट न म्हणता बाजूनं सुचवलं, तर ते बोलणं ऑब्लिक. उदाहरण शोधत होतो तोच खिडकीतून आवाज आला.

"गव्हर्नरसाहेब, तोंड मिटून चघळा. काही लोकांचं तोंड म्हणजे फुटकी टाकी. वरून घातलं की खालून गावभर."

कुंपणापलीकडून लगेच उत्तर, "खा गं मादाम, पोटभर खा. यात कुणी चोरून मीठ नाही टाकलेलं."

"अहो साहेब, कोंबडीला पंख असतात पण उडता येत नाही. तरी केवढी ऐट."

"मादाम, वास कसला गं येतोय? बोकडाचा, की मालकिणीचा?"

वर्गात एक हात वर झाला. "सर, हे?"

"हो. हे."

पुढे काही समजवावं लागलं नाही. अडलं ते उलट शब्दाशी. 'डायरेक्ट'चं वाक्य कुणाला सुचेना. त्यांनी सरळ बोलणं ऐकलंच नव्हतं. घरी नाही, चर्चमध्ये नाही, माझ्याकडूनही नाही. शेवटी रोझॅन नावाच्या मुलीनं वहीत लिहिलं: समुद्र डायरेक्ट आहे. तिचा काका बेथेल. मी पूर्ण गुण दिले आणि वही मिटली.

'सिल्व्हर ड्यू' गेल्याच्या आठव्या वर्षी व्हर्लीनाच्या बोलण्यात फरक पडला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. ती आता रोज टोमणे मारायची नाही. शुक्रवारी मारायची, आणि तेही दुपारी जेवणानंतर, जेव्हा गावात सावली म्हणून राहत नाही आणि शेळ्यासुद्धा भिंतीला चिकटून उभ्या राहतात. आवाजातली धारही गेली होती. कंटाळलेल्या माणसाचा आवाज.

"माझ्या दारात काय उभा राहतोस? मी का तुझी आई आहे?"

गव्हर्नर तिच्या दारात नव्हता. खुंटाला होता, तिथून वीस पावलांवर.

"टांगल्यासारखा ठिबकतोस नुसता. सांगितलं ना, तुझं घर कुंपणापलीकडे."

इस्मेनं हा घाव ओळखला. ओला मुलगा, हरवलेला मुलगा. व्हर्लीना आता त्याच्यावरून बोलणार, एवढी खाली उतरणार. तिनं मादामला उचललं आणि आत नेलं.

पुढच्या शुक्रवारी: "हात पुढे करून काही मिळायचं नाही. माझ्याकडे तुझं काही नाही. जिच्याकडे आहे तिच्याकडे माग."

त्याच्या पुढच्या: "आणि एका शर्टाला दोन तऱ्हेची बटणं कुणी लावलीत रे? चार पांढरी, एक तपकिरी."

आता हे गरिबीवर होतं. इस्मेनं गावभराचे शर्ट शिवून मुलगा वाढवला होता, आणि तिच्या हाताच्या शिवणीची थट्टा. ती अंगणात आली. माझा वर्ग चालू होता, मी खडू खाली ठेवला. ती कोंबडीकडे बघत, एकेक शब्द मोजून म्हणाली:

"मादाम, नीट ऐकून ठेव. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर हात पसरणाऱ्याला माझ्या घरात ताट नाही. आज नाही, कधीच नाही."

पलीकडून व्हर्लीनाचा आवाज आला, इतका हळू की वर्गानं मान वळवली.

"ऐकलंस?"

एवढंच. इस्मे जिंकली असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. तीन वर्षं ती दर शुक्रवारी अशीच जिंकत राहिली. प्रत्येक वेळी ताट नाकारलं, आणि प्रत्येक वेळी पलीकडून तेच, "ऐकलंस?"

अकराव्या वर्षी, पाऊस थांबून जनावरं मोकळी सोडायच्या दिवसांत, गव्हर्नर म्हातारपणानं मेला. व्हर्लीनानं त्याला चिंचेखाली पुरलं. खुंट आणि दोरी तशीच राहिली.

त्या शुक्रवारी मी खिडकीत उभा होतो. मला वाटलं, आज गप्प असेल. दुपारी तिच्या घराचं दार उघडलं. ती बाहेर आली, दारातल्या रिकाम्या जागेला वळसा घालून, जसं दारात कुणी उभं असलं की आपण अंग चोरून निघतो तशी, आणि अंगणात येऊन मागे वळून दाराकडेच तोंड करून म्हणाली, "आज बोकडसुद्धा नाही. आता मी कुणाच्या आडून सांगू?"

इस्मे पायरीवरून उठली नाही. नुसतं हसली. पण मला ते बोलणं टोमण्यासारखं लागलं नाही. टोमणा मारणारा माणूस कुंपणाकडे तोंड करून आवाज चढवतो. ही घराकडे तोंड करून बोलली होती.

संध्याकाळची वाट न बघता, शाळा सुटताच मी व्हर्लीनाकडे गेलो.

"या मास्तर. बसा. पायरीवर नका बसू, ओली आहे."

मार्च महिना होता. तीन महिने थेंब पडला नव्हता. पायरीवर दोन पावलांएवढी जागा काळी पडली होती, आणि कडेनं पांढरं उमटलं होतं. आधीच्या शुक्रवारांचंही, एकात एक, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखं.

"पुसते मी," ती म्हणाली. "पांढरं जात नाही."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं. मी म्हणालो, "गव्हर्नर गेला. आता एकटं वाटत असेल."

"एकटी कुठं? शुक्रवारी जेवण झालं की खुर्चीत डोळा लागतो. तेवढ्यात येतो. मला काही इस्मेसारखी स्वप्नं पडत नाहीत, आयुष्यात पडली नाहीत. हे एकच. बोलत नाही, दारात उभा राहतो आणि हात पुढे करतो. बटण तपकिरी आहे. खालून दुसरं."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं सांगतेय मी तिला. आणखी कसं सांगायचं? या तोंडानं तिच्याशी बोलणार नाही म्हणून आईच्या दगडावर पाणी घातलंय. बोकडाला सांगितलं, भिंतीला सांगितलं. ती ऐकते आणि काय म्हणते ते तुम्हीही ऐकलंय."

"कुणाकरवी निरोप..."

"दुसऱ्याच्या तोंडातून गेलेला निरोप शिळा होतो, मास्तर. तुम्ही शिकलेले, तुम्हाला एवढं ठाऊक असायला हवं." मग ती पायरीकडे बघत म्हणाली, "आणि तो तिथंच उभा असतो ना. ती ताट नाकारते तेव्हा. ऐकतो तो. मान खाली घालतो. मला वाटतं आता जाईल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा उभा."

मी तिच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. शेजारचं फाटक दहा पावलांवर. दहा पावलांत मला एक गोष्ट ठरवायची होती आणि ती ठरत नव्हती. निरोप माझा नव्हता. मी शिळा करणार होतो. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणाजवळ निरोप होता.

इस्मे पायरीवर होती. बशीत पेला पालथा. सकाळपासून तसाच.

मी तिच्या पायरीवर बसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला सुरुवात येते. सगळ्या गावाला येते, तिनंच शिकवलीय.

"टांटी," मी म्हणालो, "थोडं पाणी मिळेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं पेला सुलटा केला, आतून झग्याच्या टोकानं पुसला, जरी तो स्वच्छ होता, आणि आत गेली. बराच वेळ टाकीच्या तोटीचा आवाज येत राहिला. पेला भरून वाहत असणार.

मी दोन घोट घेतले. उरलेलं मातीत ओतलं.

"वारा फिरलाय," मी म्हणालो.

"फिरलाय," ती म्हणाली.

"मका यंदा चांगला आला."

"आला."

पुढचं मला येईना. चौदा वर्षं मी हे खिडकीतून ऐकलं, फळ्यावर शिकवलं, आणि तोंडात शब्द मावेना. शेवटी म्हणालो, "टांटी, तुमच्या शिवणाच्या डब्यात तपकिरी बटणं आहेत का?"

तिनं डोळे मिटले.

"एकच होतं," ती म्हणाली. "निघायच्या दिवशी सकाळी त्याचं बटण तुटलं. पांढरं सापडेना. घाईत तेच लावलं. खालून शर्ट खोचलेला असतो, कोण बघतंय." मग डोळे न उघडता, "खोचलेलं दिसायला शर्ट बाहेर यावा लागतो, नाही का मास्तर?"

मी पेला बशीत ठेवला.

"व्हर्लीनानं ते पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती हिल्सबरोला होती." तिचा श्वास लागला होता. "मी म्हटलं, थट्टा करतेय. तीन वर्षं मी म्हटलं..."

तिची नजर कुंपणावरून पलीकडच्या पायरीवर गेली. मादाम येऊन तिच्या सुजलेल्या पायावर चोच मारू लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोंबडीला पायानं बाजूला सारलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळपासून तिच्या घरातून धूर निघत होता. मक्याचं पीठ घोटल्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. डॉक्टरनं चढ चढू नका म्हटलं होतं, घोटू नका म्हटलं नव्हतं. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. मिठाचा डबा तिनं आदल्या दिवशीच घराबाहेर काढून माझ्याकडे आणून ठेवला होता. मी शाळेला सुटी दिली, कारण कुणी येणारच नव्हतं.

दुपारी ताट घेऊन ती निघाली. सगळ्यांना वाटलं, आतल्या खोलीत मांडेल. ती फाटकातून बाहेर पडली, रस्त्यानं दहा पावलं चालली आणि व्हर्लीनाच्या फाटकाशी थांबली. तो इथं उभा होता, तर ताटही इथंच यायला हवं होतं. तिच्या घरात तर तिनंच नाही म्हटलं होतं.

व्हर्लीना अंगणात रिकाम्या खुंटाशी उभी होती. तिनं इस्मेकडे पाहिलं नाही. दोरीला म्हणाली, "दार उघडंच आहे. मेजावर चादर घातलीय."

इस्मे आत गेली. दारातून जाताना तिनं अंग चोरलं. तिला तिथं काही दिसलं की नाही, मला ठाऊक नाही. ताट मांडलं, पाणी, रम, पेटती मेणबत्ती. बाहेर आली. व्हर्लीनानं दार लावलं. आम्ही दहाबारा जण अंगणात उन्हात उभे राहिलो. कुणी सावली शोधली नाही. आतून एकदा मेजाचा पाय फरशीवर सरकावा तसा आवाज आला. मग समुद्रावरून वारा आला, पण झाडं हलली नाहीत.

ऊन उतरल्यावर दार उघडलं, आम्ही आत गेलो. मेणबत्ती विझली होती. चादर कोरडी, ताट जिथलं तिथं, एक कणही हललेला नाही. खुर्ची मात्र मेजापासून हातभर मागे होती, जेवून उठलेल्या माणसानं ठेवावी तशी.

रिवाज असा की मग ताट पोरांना द्यायचं, त्यांनी तुटून पडायचं. पोरं पुढे झाली. रोझॅननं पिठाचा गोळा तोडून तोंडात घातला आणि थांबली. तो परत हातावर काढला. "टांटी," ती म्हणाली, "खारट आहे."

चौदा वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा उभी राहिली. तेच घर, तीच दोन बायकांमधली जागा. सगळ्यांचे डोळे व्हर्लीनाकडे वळले. घर तिचं, मेज तिचं.

व्हर्लीना इस्मेकडे वळली. तोंडासमोर तोंड.

"मी नाही टाकलं," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हतं टाकलं."

बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला आणि वाट बघितली. काही झालं नाही.

इस्मेनं गोळ्याचा तुकडा तोडला, चाखला. जिभेवर ठेवून उभी राहिली. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. डब्यातलं मीठ आणि नाकातोंडात गेलेलं समुद्राचं पाणी यांच्या चवीत आम्हाला फरक कळतो. तिलाही कळला. तिनं मान हलवली, व्हर्लीनाला नाही, स्वतःलाच, एखादं नाव अखेर आठवावं तशी.

मग तिनं खुर्ची पुढे ओढली, बसली आणि ते ताट खायला लागली. पोरांना दिलं नाही. गोळे, भात, तूर, कोंबडी, सगळं. सावकाश, एक कण न सांडता. रिवाजात हे बसत नव्हतं. कुणी अडवलं नाही. खाताना तिच्या हनुवटीवरून काय ओघळत होतं ते पाहायला नको म्हणून आम्ही दाराकडे बघत होतो. दारातली पायरी कोरडी होती.

ताट संपलं. तिनं बोटं चाटली, झग्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि मान वर केली.

"व्हर्लीना," ती म्हणाली, "पाणी दे गं."

आम्ही सगळे दचकलो. इस्मेनं पाणी मागितलं की काय होतं ते अंगात मुरलेलं होतं. व्हर्लीना टाकीकडे गेली. पेला काठोकाठ भरून आणला. इस्मेनं तो घेतला. हवेबद्दल काही म्हणाली नाही. मातीत थेंब ओतला नाही. एका दमात सगळं प्याली आणि पेला पुन्हा पुढे केला.

तिला तहान लागली होती.